स्कोप लावल्यावर छर्रे पसरू लागले: स्प्रिंगच्या एअर रायफलची तपासणी कुठून सुरू करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ४.५ मिमीची, नळी मोडून भरायची स्प्रिंगची रायफल, दोन वर्षं वापरातली. मूळच्या साइट्सवर १० मीटरला पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जायचे. आता ४×३२ चा (चारपट मोठं दाखवणारा, ३२ मिमी भिंगाचा) स्कोप लावला आहे आणि रायफल टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवून मारताय, तरी ग्रुप, म्हणजे कागदावरच्या छर्र्यांचा पसारा, चार-पाच सेंटिमीटरचा येतो. शिवाय आज लावलेला झिरो (नेम धरला तिथेच छर्रा लागावा अशी स्कोपची जुळवणी) उद्या राहत नाही. नळी गेली का, बदलावी का?

नळी बदलू नका. शिशाच्या मऊ छर्र्यांनी पोलादी नळीतले आटे दोन वर्षांत झिजत नाहीत, वीस वर्षांतही सहसा झिजत नाहीत. रायफल आधी नीट मारत होती, म्हणजे नळी चांगली आहे. मधल्या काळात बदललेल्या गोष्टी दोनच: स्कोप आला आणि रायफल पिशवीवर टेकली. स्प्रिंगच्या रायफलीत या दोन्ही गोष्टी ग्रुप बिघडवू शकतात, आणि तुमच्याकडे बहुधा दोन्ही एकदम बिघडवताहेत.

त्याचं कारण रायफलीच्या पोटात आहे. चाप ओढल्यावर स्प्रिंग जड पिस्टनला पुढे फेकते. पिस्टन पुढे जातो तेव्हा रायफल मागे सरकते. पिस्टनपुढची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते, पिस्टन त्या हवेच्या उशीवर आपटून थबकतो, आणि त्या क्षणी रायफल पुढच्या दिशेने हिसका खाते. छर्रा जागचा हलतो तो पिस्टन जवळजवळ टोकाला पोचल्यावर. म्हणजे छर्रा नळीतून धावत असतो तेव्हा रायफल आधीच हललेली असते आणि अजून हलतच असते. आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या पीसीपी रायफलीत हा प्रकार नगण्य असतो, म्हणून तिथे पिशवीवर टेकवून मारलं तरी चालतं. स्प्रिंगच्या रायफलीला स्थिर ठेवणं कोणाच्याच हातात नाही. आपल्या हातात एवढंच, की ती दर वेळी अगदी सारखी हलावी. पुढे जे जे तपासायला सांगतो आहे ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

जर्मन कारखानदारांनाही ही अडचण चुकली नव्हती. फाइनवर्कबाउ ३००एस या स्पर्धेच्या रायफलीत नळी आणि सिलिंडर दस्त्यातल्या रुळांवर मागे घसरतात, म्हणजे धक्का नेमबाजाच्या खांद्यापर्यंत पोचतच नाही. डायानाने आपल्या मॅच रायफलींत उलट दिशेने धावणारा दुसरा पिस्टन बसवला होता. आपल्या साध्या रायफलीत असलं काही नसतं, ते काम आपल्या हातांनी करायचं असतं.

पहिली चाचणी फुकट आहे आणि तीच सर्वांत जास्त सांगते. स्कोप काढा, मूळच्या साइट्सवर पूर्वीसारखं बसून पाच-पाच छर्र्यांचे तीन ग्रुप मारा. ग्रुप पुन्हा नाण्याएवढा आला, तर छर्रे, नळी, पिस्टनचं वॉशर, स्प्रिंग सगळं एका फटक्यात संशयातून सुटलं. दोष उरला स्कोप, माउंट (स्कोप रायफलीवर धरून ठेवणारी पकड), नळीचा सांधा किंवा पिशवीवर टेकवणं यांत. सांधा का, तेही समजून घ्या. नळी मोडणाऱ्या बहुतेक रायफलींत पुढची आणि मागची, दोन्ही साइट्स नळीवर किंवा तिच्या मुळाच्या ठोकळ्यावर असतात. बंद करताना नळी केसभर वेगळी बसली, तरी साइट्सही तिच्याबरोबर हलतात आणि नेम फारसा चुकत नाही. स्कोप मात्र मागच्या सिलिंडरवर बसतो. मग सांध्यातला तोच केसभर फरक सरळ कागदावर उमटतो. हिशोब करून बघा. नळी ४५ सेंमीची धरली आणि तिचं टोक ०.१ मिमीने वेगळं बसलं, तर १० मीटरवर सव्वादोन मिमी आणि २५ मीटरवर साडेपाच मिमी फरक पडतो. उघड्या साइट्सवर दोन वर्षं लपून राहिलेला सैल सांधा स्कोप लावल्या दिवशी उघडा पडतो, आणि मग लोक बिचाऱ्या स्कोपला शिव्या देतात.

उघड्या साइट्सवरही ग्रुप फुटला तर आधी दस्त्याचे स्क्रू बघा. खरं तर दोन्ही परिस्थितींत तेच आधी बघायचे. पुढच्या बाजूला डावी-उजवीकडे दोन आणि ट्रिगर गार्डपाशी एक किंवा दोन असतात. स्प्रिंगच्या दुहेरी धक्क्याने ते हळूहळू सुटतातच. लाकडी दस्ता असेल तर आपल्याकडे आणखी एक भानगड असते: पावसाळ्यात लाकूड फुगतं, दिवाळीनंतर सुकून आक्रसतं, आणि जुलैमध्ये घट्ट बसवलेला स्क्रू डिसेंबरमध्ये सैल सापडतो. कोकणात तर हमखास. स्क्रू काढून पेट्रोलने तेल धुवा, वाळवा, निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सुटू न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावा आणि बेताने आवळा. लाल लॉकटाइट नको, तो पुढे सोडवताना तापवावा लागतो. लाकूड दबेल इतकंही आवळू नका. मुख्य म्हणजे डोक्याच्या खाचेत चपखल बसणाराच स्क्रू-ड्रायव्हर घ्या, एकदा खाच खाल्ली की पुढे सगळाच वैताग होतो.

आता स्कोपकडे येऊ. तुमचा झिरो रोज हलतोय, त्यामुळे माझा पहिला संशय माउंटवर आहे. रायफल मागे आणि लगेच पुढे अशी दोन्हीकडे झटके देते, त्यात माउंट ११ मिमीच्या खाचेवरून केसाकेसाने मागे सरकत जातं. माउंटच्या पुढच्या कडेला, खाचेवर पेन्सिलने बारीक रेघ ओढा. तीसेक छर्रे मारल्यावर रेघ आणि माउंट यांच्यात फट दिसली, तर निदान झालं. सिलिंडरवर स्टॉप पिनसाठी भोक असेल तर पिन त्यात बसलीच पाहिजे. खाच आणि माउंट दोन्ही कोरडे पुसून घ्या. गंजू नये म्हणून तिथे तेल लावून ठेवलेलं मी अनेकदा बघितलं आहे, त्यावर कुठलंही माउंट टिकणार नाही. रिंगांमध्ये स्कोपची नळीही सरकते, तिथेही अशीच रेघ मारा.

दुसरी गोष्ट. स्कोप कशासाठी बनवलाय? बंदुकीच्या स्कोपला मागचा धक्का सोसायची सवय असते, पुढचा हिसका त्याच्या आतल्या काचा सैल करतो. खोक्यावर स्प्रिंग एअर रायफलसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर तो आतून मोडला असण्याची शक्यता धरा. तपासायला सोपं आहे: स्कोपची बाजूची घुंडी तीस क्लिक (खटके) उजवीकडे फिरवून ग्रुप मारा, मग तीस परत. पाव मिनिटाच्या (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिकने १० मीटरवर छर्रा जेमतेम ०.७ मिमी सरकतो, म्हणून तीन-चार क्लिकने काही कळणार नाही. साधारण दोन सेंमी बाजूला जाऊन तीस क्लिक परत केल्यावर ग्रुप मूळ जागी आला तर स्कोप ठीक. नाही आला तर तो स्कोप पीसीपीवाल्या मित्राला दाखवा, त्याच्या रायफलीवरही तसाच वागला तर टाकून द्या.

तिसरी गोष्ट नळीच्या झुकण्याची. नळी मोडणाऱ्या रायफलींची नळी बहुधा स्कोपच्या रेषेपेक्षा थोडी खाली झुकलेली असते. छर्रा खाली लागतो म्हणून आपण वरची घुंडी फिरवत फिरवत शेवटाला नेतो. तिथे स्कोपच्या आतल्या नळीला दाबून धरणारी स्प्रिंग ढिली पडते आणि क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली नेमाची फुली, प्रत्येक धक्क्याला थोडा थोडा भटकतो. घुंडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती क्लिक फिरते ते मोजा आणि मधोमध आणा. तिथे छर्रा फार खाली लागत असेल तर मागच्या रिंगेत, स्कोपच्या खाली, जुन्या फोटोच्या फिल्मची पट्टी घाला. एक, फार तर दोन. त्याहून जास्त लागत असेल तर उतार भरून काढणारं माउंट घ्या, नाहीतर रिंगा स्कोपच्या नळीला वाकवतील.

आणि पॅरालॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसणं. फोकस न बदलणारे ४×३२ स्कोप बहुतेक ५० ते १०० यार्डांवर जुळवलेले असतात. १०० यार्डांवर जुळवलेला स्कोप १० मीटरवर वापरला आणि डोळा भिंगाच्या अगदी कडेला गेला, तर हिशोबाने नेम १४ मिमीपर्यंत चुकू शकतो, तोही कुठल्याही बाजूला. म्हणजे दोन कडांमध्ये जवळपास तीन सेंटिमीटर! तुमच्या चार-पाच सेंटिमीटरपैकी मोठा वाटा इथेच असेल असं मला वाटतं, कारण स्कोप साइट्सपेक्षा उंच बसतो, गाल दस्त्यावरून सुटतो आणि डोकं अधांतरी राहतं. रायफल पिशव्यांमध्ये रोवून ठेवा, हात लावू नका, आणि स्कोपमधून बघत डोकं इकडेतिकडे हलवा. क्रॉसहेअर कागदावर फिरताना दिसेल. यावर दोन उपाय एकत्र करा. दस्त्यावर फोमची पट्टी चिकटवून गालाची उंची वाढवा, म्हणजे डोळा दर वेळी तिथेच येईल. आणि पुढच्या भिंगाच्या झाकणाला बरोबर मध्यावर बारा-पंधरा मिमीचं भोक पाडून ते लावून मारा. उजेड थोडा कमी होतो, पण पॅरालॅक्स निम्म्याहून खाली येतो. दिवसाउजेडी कागदावर मारणाऱ्याला याहून स्वस्त सुधारणा नाही.

सांधा तपासताना रायफल रिकामी आणि न ताणलेली असू द्या. दस्ता मांड्यांमध्ये धरा आणि नळीचं टोक डावी-उजवीकडे हलवा. बारीकसा जरी ‘टक्’ आवाज आला किंवा बोटाला खेळ जाणवला, तर बिजागरीचा बोल्ट सैल आहे. बऱ्याच रायफलींत तो आवळता येतो, काहींत नुसती पिन असते, तिथे दोन बाजूंच्या चकत्या बदलाव्या लागतात. नळी मोडून सोडल्यावर आपल्या वजनाने धपकन पडू नये, हलक्या हाताने जिथे ठेवाल तिथे राहावी, इतपत ताण हवा. नळी बंद करणाऱ्या पाचरीवर ग्रीसचा हलका हात फिरवा आणि नळी दर वेळी एकाच जोराने बंद करा. कधी हळू, कधी फटकन, असं करू नका. आणि नळी मोडलेली असताना छर्रा भरतेवेळी दुसऱ्या हाताने ती घट्ट धरूनच ठेवा, चापाजवळ बोट नको. ताणलेल्या रायफलीची उघडी नळी सुटली तर बोटं जातात आणि नळी वाकते ती वेगळीच.

सांध्यातल्या रबरी सीलसाठी कागदी रुमालाचा बोटभर तुकडा सांध्यावर ठेवून छर्रा मारा. तुकडा उडाला तर हवा गळते आहे. सीलखाली पातळ चकती घालून ते किंचित वर आणलं की बहुतेक वेळा काम होतं.

आता धरण्याबद्दल, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण सर्वांत जास्त ग्रुप इथेच बिघडतात आणि सगळ्यांत उशिरा लक्ष इथे जातं. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली की ती घट्ट आधारावरून उसळते. पिशवी दर वेळी थोडी वेगळी दबते, त्यामुळे उसळीही वेगळी. रायफल पिशवीवर टेकवू नका. पिशवीवर आपल्या हाताची पाठ ठेवा, तळवा उघडा, आणि त्या तळव्यावर रायफल नुसती ठेवा. बोटं गुंडाळायची नाहीत. मागचा हात मुठीवर सैल, अंगठा वरून आवळलेला नको. दस्ता खांद्याला टेकलेला, पण दाबलेला नाही. रायफलीला मागे-पुढे जायचं तर जाऊ द्या. इंग्रजीत याला आर्टिलरी होल्ड म्हणतात, कारण तोफही गाड्यावर अशीच मागे सरकून परत जागेवर येते.

आमच्या रेंजवर ओपन साइटच्या सरावाला येणारी एक शाळकरी मुलगी पुढचा दस्ता इतका आवळून धरायची की बोटांची पेरं पांढरी पडायची. छर्रे उजवीकडे वर, डावीकडे खाली, असे तिरक्या ओळीत जायचे. तिला फक्त मूठ उघडायला सांगितलं आणि दस्त्याखाली तळवा जिथे येतो तिथे चिकटपट्टीची खूण करून दिली. त्याच छर्र्यांनी, त्याच रायफलीने, तिची तिरकी ओळ त्याच सकाळी एका गोल ठिपक्यात आली. ती चिकटपट्टी महत्त्वाची. तळवा दोन सेंमी पुढे-मागे झाला तरी ग्रुपची जागा बदलते. ट्रिगर गार्डच्या अगदी पुढे सुरुवात करा, मग थोडं थोडं पुढे सरकून तुमच्या रायफलीला आवडणारी जागा शोधा आणि ती कायमची ठेवा.

नेम धरल्यावर डोळे मिटा, एक श्वास सोडा, उघडा. क्रॉसहेअर बाजूला गेला असेल तर हाताने ओढून आणू नका, बैठक फिरवा. हाताने ओढून आणलेली रायफल धक्क्याच्या क्षणी परत आपल्या मूळ जागेकडे पळते. आणि चाप ओढल्यावर छर्रा कागदात शिरल्याचं दिसेपर्यंत डोकं उचलू नका, चाप मागे दाबूनच ठेवा. स्प्रिंगच्या रायफलीत चाप सुटल्यापासून छर्रा बाहेर पडेपर्यंत पीसीपीपेक्षा जास्त वेळ जातो, आणि त्या वेळात केलेली प्रत्येक चुळबुळ कागदावर दिसते.

छर्र्यांचं थोडक्यात सांगतो. डबा बदलला असेल तर तेही कारण असू शकतं. डोक्याचा व्यास ४.५०, ४.५१, ४.५२ असा येतो आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी. छर्रा बोटाने थोडा जोर देऊन बसला पाहिजे. आपसूक आत घरंगळला तर लहान आहे. अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचे, घुमटाकार किंवा चपट्या डोक्याचे शिशाचे छर्रे घ्या. अतिहलके, मिश्रधातूचे छर्रे वेगाच्या आकड्यासाठी विकले जातात, ग्रुपसाठी नाही. ज्यांचा घेर दबलाय ते बाजूला काढा, आणि कागदामागून वेचलेले छर्रे कधीही परत भरू नका. नवा प्रकार आजमावताना पहिले पंधरा-वीस छर्रे मोजू नका, नळीत आधीच्या शिशाचा थर असतो. शिसं विषारी आहे, मारून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

नळीच्या तोंडाची कड एकदा बघा. कानाच्या कापसाची काडी आत घालून कडेवरून चहूबाजूंनी फिरवा. एकाच जागी धागे अडकले तर तिथे खरवड आहे आणि कारागिराकडून कड नव्याने करून घ्यावी. नळी साफ करायला सुती कापडाची चिंधी मासेमारीच्या जाड दोरीने ओढा, मागून पुढे. पितळी ब्रश सारखा सारखा नको.

राहिली स्प्रिंग आणि वॉशर. लोक सगळ्यांत आधी इथे बोट दाखवतात, पण आकडे काय म्हणतात ते बघा. वेग ५ टक्क्यांनी कमी-जास्त झाला तरी १० मीटरवर छर्रा वर-खाली होतो तो दीड मिमीच्या आसपास. १० मीटरवरचे चार-पाच सेंटिमीटर स्प्रिंगमुळे येत नाहीत. तोच ५ टक्के फरक २५ मीटरवर साधारण एक सेंमी होतो, आणि तिथे ग्रुप उभ्या ओळीत लांबतो. म्हणून १० मीटरवर गोल ग्रुप आणि २५ मीटरवर उभी ओळ दिसली, तरच वॉशर-स्प्रिंगकडे वळा. ताणताना खरखर लागणं, मारल्यावर तारेसारखा झणझणाट, धूर किंवा जळक्या तेलाचा वास, ही तिथली लक्षणं. धुराचा अर्थ सिलिंडरमध्ये तेल गेलंय आणि दाबाच्या उष्णतेने ते पेटतंय. प्रत्येक छर्र्याचा वेग मग वेगळा, आणि वॉशर जळतं. गंजरोधक स्प्रे, शिलाई मशीनचं तेल, काहीही हवेच्या भोकात सोडू नका. जुन्या रायफलीत चामड्याचं वॉशर असेल तर ते कोरडं पडू नये म्हणून सिलिकॉन तेलाचे दोन थेंब पुरतात. रायफल रात्रभर ताणून ठेवू नका आणि छर्र्याशिवाय चाप ओढू नका. हवेची उशी नसली की पिस्टन थेट पोलादावर आपटतो.

सिलिंडर घरी उघडायचा मोह होईल. आतली स्प्रिंग रायफल न ताणलेली असतानाही दबलेली असते, आणि स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर क्लॅम्प नसताना मागचं बूच काढलं तर ते गोळीसारखं सुटतं. चांगल्या कारागिराकडे द्या. त्याला नवं वॉशर, स्प्रिंगची दोन्ही टोकं घासून सपाट, आणि स्प्रिंगमध्ये न डुगडुगणारा घट्ट गाइड एवढंच करायला सांगा. ‘जाड स्प्रिंग टाकतो, पॉवर वाढेल’ असं तो म्हणाला तर नाही म्हणा. धक्का वाढेल, ग्रुप फुटेल, स्कोप मोडेल, आणि २० जूलच्या वर गेलेली एअर रायफल आपल्या कायद्याने परवान्याशिवाय ठेवता येत नाही.

तुमच्यासाठी क्रम असा: आधी दस्त्याचे स्क्रू, मग स्कोप काढून तीन ग्रुप, मग माउंटची रेघ आणि गालाची पट्टी, मग उघडा तळवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक कागदावर काय बदललं ते तारखेसह लिहा. चांगली स्प्रिंग रायफल बसून, हाताच्या आधारावर १० मीटरला पाच छर्रे सेंटिमीटरभरात टाकते. मागे पोलादी पत्रा नको, छर्रा परत येतो. वाळू भरलेली पेटी किंवा दाट कोंबलेल्या चिंध्यांचं खोकं ठेवा, आणि त्यामागे भिंत असू द्या.